ब्रिजवॉटरच्या मैदानावरचा कोणता मुलगा यँकी स्टेडियम गाठेल?

रारिटनकाठी

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतो.

आम्ही न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहतो. व्यंकटेश्वराच्या देवळामुळे इथल्या बहुतेक मराठी घरांना हे गाव माहीत असतं. पण रेल्वे स्टेशनला खेटून एक बेसबॉलचं मैदान आहे, तिकडे आपली माणसं फारशी फिरकत नाहीत. सॉमरसेट पेट्रियट्स तिथे खेळतात. २०२१पासून ही न्यू यॉर्क यँकीजची डबल-ए टीम आहे. ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या लीगच्या, ३० क्लबांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली चार टीम्स असतात, खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अगदी कोवळ्या पोरांच्या लीगा. हे सगळं मिळून मायनर लीग. खरी गाळणी डबल-एमध्ये लागते असं जाणकार म्हणतात.

मी आणि माझा मुलगा तीन उन्हाळे नेमाने जातोय. २०२४ला स्पेन्सर जोन्सला भरपूर पाहिलं. साडेसहा फूट उंच, डावखुरा, आणि एवढा धिप्पाड असून सेंटरफिल्डला (बाहेरच्या मैदानाच्या मध्यावर) वाऱ्यासारखा पळतो. बॉल बॅटच्या मधोमध बसला की अख्खं स्टँड उभं राहायचं. नाही बसला की एका संध्याकाळी तीन-तीनदा मान खाली घालून डगआउटकडे. त्या सीझनला त्याचे २०० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) झाले. २०२५मध्ये इथे आणि स्क्रँटनच्या ट्रिपल-ए टीमकडून मिळून ३५ होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका). तरी यँकीजनी त्याला वर बोलावलं नाही.

मुलगा विचारतो, बाबा, हा जाणार का वर? मला उत्तर देता येत नाही. क्रिकेटमध्ये नवा पोरगा दोन ओव्हर खेळला तरी माझं काहीतरी मत होतं. इथे नेमकं बघायचं काय?

दुसरी_बाजू

जाणार म्हणजे जाणारच! यँकीजचा ॲरन जज २०१६ला वर आला तेव्हा आठवतंय ना? २७ मॅच, सरासरी .१७९ (म्हणजे बॅटिंगच्या हजार खेपांत १७९ हिट), ८४ ॲट-बॅटमध्ये, म्हणजे खेपांत, ४२ स्ट्राइकआउट. पुढच्याच वर्षी ५२ होमरन. उंच माणसाला वेळ लागतो. धीर धरा.

आकडेमोड

जजचं नाव दर वेळी निघतं, म्हणून जरा खोलात जाऊ.

जज मायनरमध्ये होता तेव्हा साधारण चारदा बॅटिंगला आला की एकदा स्ट्राइकआउट व्हायचा. जोन्स २०२४मध्ये शंभरातल्या ३७ वेळा झाला, २०२५मध्येही ३५च्या खाली आला नाही. मेजर लीगमधला सरासरी बॅटर शंभरात २२-२३ वेळा होतो, तोही जगातल्या सर्वांत चांगल्या पिचरांसमोर. खाली जो बॉल हुकतो तो वर गेल्यावर आणखी हुकतो, कारण वरच्या पिचरला तुमची कच्ची जागा सापडायला एक आठवडा पुरतो आणि मग तो दुसरीकडे टाकतच नाही. जजचे २०१७ला २०८ स्ट्राइकआउट झाले हे खरं, पण त्याच वर्षी १२७ वॉकही (चार वाईट बॉल सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) घेतले. वाईट बॉल सोडायची नजर त्याच्याकडे आधीपासून होती. दोघांची उंची जुळते, एवढ्यावरून बाकीचं जुळत नाही.

रारिटनकाठी, तुम्ही २०२५मध्ये जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियरला पाहिलं असणार. तोच खरा धडा आहे. डबल-एमध्ये त्याची सरासरी .२१५च्या आसपास. स्कोअरबोर्डवर एवढंच दिसतं, आणि शेजारी बसलेला माणूस म्हणतो, हा कसला पहिल्या फेरीतला खेळाडू! (नवे खेळाडू क्लब फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात.) पण तो डबल-एमध्ये आला तेव्हा त्याला वीस पूर्ण व्हायची होती. समोरचे पिचर बहुतेक २३-२४चे, कॉलेजची तीन-चार वर्षं काढून आलेले. अशा लोकांसमोर हा मुलगा भरपूर वॉक घेतो, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली फिल्डिंगची जागा) उत्तम उभा राहतो. उलट जोन्स व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीतून आला, २०२५मध्ये २४ वर्षांचा. त्याचा ३५वा होमरन आणि लोम्बार्डचा आठवा एका तराजूत घालता येत नाहीत.

मी मायनरमधल्या कुणाचंही पान उघडलं की आधी जन्मतारीख बघतो. मग पातळी. मग स्ट्राइकआउट आणि वॉक. सरासरी सगळ्यांत शेवटी, आणि कधीकधी बघतही नाही. सरासरीत नशिबाचा हात फार असतो. ती स्थिर व्हायला सीझन कमी पडतो. स्ट्राइकआउटचं प्रमाण मात्र साठेक वेळा बॅटिंग पाहिली की बरंच बोलायला लागतं.

रारिटनकाठी

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लोम्बार्डच्या बाबतीत मी अगदी त्या शेजाऱ्यासारखाच बोललो होतो, मुलाच्या देखत. पण मग ३५ होमरनची किंमत काय? ताकद काही खोटी नसते ना?

शिवाजीपार्क_कट्टा

ताकद खोटी नसते, पण कुठल्या मैदानावर दिसली ते विचारावं लागतं.

आमच्या तरुणपणी मुंबईत कांगा लीगचा स्कोअर वाचायची एक पद्धत होती. भर पावसात, उघड्या ओल्या पिचवर कुणी ३५ केले, तर सिलेक्टर लोक त्या ३५ला मेमधल्या शतकाच्या पंगतीला बसवायचे. आकडा तोच, जमीन वेगळी. इथेही तेच. ट्रिपल-एमधलं अल्बुकर्क पाच हजार फुटांवर आहे, रिनोही उंचावर. हवा विरळ, बॉल तरंगत जातो, कर्व्ह नीट वळत नाही. तिथल्या बॅटरचे होमरन वाचताना थोडे उतरवून घ्यायचे, आणि तिथे टिकलेल्या पिचरला थोडं चढवून.

ब्रँडन वुडचं नाव तुमच्यापैकी कितीजणांना आठवतं कोण जाणे. एंजल्सचा शॉर्टस्टॉप. २००५मध्ये कॅलिफोर्निया लीगमध्ये, रँचो कुकामोंगाकडून, एका सीझनला ४३ होमरन. शॉर्टस्टॉपनी ४३! मी तेव्हा रिव्हरसाइडला राहत होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. पोरगं इतकं देखणं खेळायचं की मी भारतात भावाला फोन करून सांगितलं, हे नाव लिहून ठेव. मेजर लीगमध्ये त्याची कारकिर्दीची सरासरी .१८६ राहिली, एकूण होमरन १८. ती लीग बॅटरांची लाडकी, त्यातल्या काही मैदानांवर वारा सतत बाहेरच्या दिशेनं. आणि त्या गर्दीत त्याचे स्ट्राइकआउट आम्ही कुणी मोजलेच नाहीत. पुढे त्याच्या बॅटिंगला उभं राहण्याच्या पद्धतीत बरेच बदल करून पाहिले, काही लागू पडलं नाही. अजून वाईट वाटतं.

आकडेमोड

काका, अगदी बरोबर. न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. जोई गॅलो डबल-एमध्ये शंभरात चाळीसच्या आसपास स्ट्राइकआउट व्हायचा. तरी तो वर गेला, २०१७ला ४१ आणि २०१८ला ४० होमरन मारले. कारकिर्दीत २०८ होमरन, सरासरी .१९४. म्हणजे इतक्या हुकलेल्या बॉलांवरही धंदा चालतो, पण त्यासाठी ताकद गॅलोएवढी लागते आणि फिल्डिंग पण. जोन्सला मी त्याच रांगेत ठेवीन. त्याचा पाय आणि सेंटरफिल्ड त्याला चार जास्तीच्या संधी मिळवून देतील. क्लबलाही २०२५च्या हिवाळ्यात ठरवावं लागणार होतं, कारण कॉलेजमधून २०२२ला घेतलेल्या खेळाडूला तेव्हा ४०च्या यादीत (मेजर लीगसाठी राखलेल्या ४० खेळाडूंत) घातलं नसतं, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब उचलू शकला असता. पुढे दिग्गज ठरलेला रोबेर्तो क्लेमेंते १९५४ला असाच डॉजर्सच्या हातून पिट्सबर्गकडे गेला.

पावसाळी_दुपार

उशिरा येतेय, पण राहवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माणसांचे सांधे बघण्यात दिवस जातो. मॅचलाही मी शरीरंच बघते.

स्काउट लोक २० ते ८०च्या मापात बोलतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, ८० म्हणजे एका पिढीत बोटांवर मोजण्याइतके. पाच गोष्टी मोजतात: बॉल बॅटवर घेणं, ताकद, धाव, हात आणि फिल्डिंग. शेवटच्या तीन घड्याळ, रडार आणि डोळे मिळून बऱ्यापैकी नीट मोजता येतात. ताकद बॅटिंग प्रॅक्टिसला दिसते. पहिली, बॉल बॅटवर घेणं, ही मोजायला सगळ्यांत अवघड, आणि तीच बाकीच्या चारांना वर नेते किंवा खाली ओढते. बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनचं बघा. १९९४मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, म्हणजे डबल-एमध्येच. ३१ वर्षांचा, जगातला सर्वांत मोठा ॲथलीट. ३० बेस चोरले (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणं). पण सरासरी .२०२, ११४ स्ट्राइकआउट. वळणारा बॉल त्याला सापडला नाही. तरी इतकी वर्षं न खेळता येऊन डबल-एमध्ये .२०२ करणं ही मला केवढी मोठी गोष्ट वाटते, पण तो वेगळा विषय.

रारिटनकाठी, पुढच्या वेळी एक करा. मॅच सुरू व्हायच्या दीड तास आधी जा आणि बॉल कुठे जातो ते बघू नका. बॅटरचा पुढचा पाय बघा. स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा बॉल) आला की चांगल्या बॅटरचा पाय टेकतो पण कंबर मागेच थांबलेली असते, हात आणखी क्षणभर रोखलेले. कच्च्याची कंबर आधीच फिरून गेलेली असते, मग हात एकटेच बॉलच्या मागे धावतात आणि बॅट एका हातातून सुटल्यासारखी होते. ९५ मैलांचा बॉल ०.४ सेकंदांत प्लेटवर पोचतो, त्यातला अर्धा वेळ ठरवण्यात जातो. त्यामुळे कंबर किती वेळ थांबली हे सगळं सांगून जातं. जोन्सच्या बाबतीत मला हेच दिसलं. इतके लांब हात असले की वळसा मोठा होतो, म्हणून त्याला लवकर निघावं लागतं, म्हणून फसतो. मनानं कच्चा वगैरे नाही तो. हाडांच्या लांबीचा प्रश्न आहे, आणि जजनी तो कसा सोडवला हे अजूनही शिकण्यासारखं आहे.

मधलीआळी

एवढं सगळं कळतं तर माइक पियाझा १९८८ला ६२व्या फेरीत का गेला? पुहोल्स १९९९ला १३व्या फेरीत, ४०२वा. ट्राउट २००९ला पंचविसावा, म्हणजे आधी चोवीस जणांची निवड झाली. आल्तुवेला साडेपाच फूट उंचीसाठी परत पाठवलं होतं, शेवटी १५ हजार डॉलर्सवर घेतला. चौघंही पुढे दिग्गज ठरले. मला तर वाटतं पुढे काय होणार ते कुणालाच कळत नाही, आणि नंतर सगळे शहाणे होतात.

आकडेमोड

ही चार नावं आपल्याला आठवतात कारण ती विरळ आहेत. ६२व्या फेरीत गेलेल्या बाकीच्यांची नावं कुणी सांगू शकेल का? पहिल्या फेरीतले निम्म्याहून जास्त कधी ना कधी मेजरमध्ये उभे राहतात, विसाव्या फेरीतले फार थोडे. डोळे चुकतात हे मान्य. म्हणून तर एका मापावर विसंबायचं नाही.

तुमच्या म्हणण्याच्या बाजूनं एक इथलंच उदाहरण देतो. बेन राइस. डार्टमथ कॉलेज, २०२१ची बारावी फेरी. २०२३ला ब्रिजवॉटरमध्ये आला आणि पन्नासहून कमी मॅचमध्ये १६ होमरन मारले. तरी होतकरू खेळाडूंच्या मोठ्या याद्यांत त्याचं नाव शोधावं लागायचं. २०२४ला वर गेला, जुलैत बॉस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये तीन होमरन, पण सीझनची सरासरी .१७१. लोकांनी नाव टाकलं. २०२५ला २६ होमरन. .१७१च्या त्या दिवसांतही त्याच्या बॅटवरून बॉल जोरात निघत होता आणि वाईट बॉलमागे तो धावत नव्हता. ज्यांनी फक्त सरासरी पाहिली ते फसले.

रारिटनकाठी

राइसला आम्ही पाहिलंय! मुलाकडे त्याची सही असलेला बॉल आहे. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, हा कॅचर बरा आहे, एवढंच.

कॅरीकर

पिचरांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, डरहॅम बुल्सच्या मॅच बघतो, टँपा बेची ट्रिपल-ए टीम.

पिचर हे वेगळंच प्रकरण. जुने लोक म्हणतात की पिचरच्या बाबतीत भविष्य सांगूच नये, कोपर कधी जाईल ते कुणालाच माहीत नसतं. आणि वाढतातही अचानक. कॅम श्लिटलर २०२२च्या सातव्या फेरीतला. २०२५च्या वसंतात तो तुमच्याच ब्रिजवॉटरला पिच करत होता. जुलैत यँकीजकडून पदार्पण, आणि २ ऑक्टोबरला बॉस्टनविरुद्धच्या निर्णायक मॅचमध्ये आठ इनिंग, शून्य रन, बारा स्ट्राइकआउट. कॉलेजमध्ये त्याचा वेग साधारण होता. अंगात ताकद भरली, वेग वाढला, १०० मैलांपर्यंत गेला. ड्राफ्टच्या दिवशी हे कुठल्याही कागदावर नव्हतं. पिचरमध्ये मी आता एवढंच बघतो: पाचव्या इनिंगला वेग टिकतो का, आणि मागे पडला असताना, म्हणजे तीन बॉल एक स्ट्राइक अशा वेळी, फास्टबॉल सोडून दुसरं काही स्ट्राइकमध्ये टाकायची हिंमत आहे का.

ट्रिपल-एचे वॉक वाचताना एक ध्यानात ठेवा. २०२३पासून तिथे स्ट्राइक ठरवायला यंत्र आहे. सुरुवातीला अर्ध्या मॅच पूर्ण यंत्रावर आणि अर्ध्या अपीलवर (खेळाडूनं अंपायरच्या निर्णयाला आव्हान दिलं तरच यंत्र) चालायच्या, २०२४च्या मध्यापासून फक्त अपील. त्यामुळे त्या काळातले वॉक मेजरच्या वॉकशी थेट जुळवू नका. २०२६पासून वरही अपील, मग तुलना सोपी होईल.

चाफा_अंगणी

कोपराचा विषय निघाला म्हणून धीर करून विचारते. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, पिचर. एका ठिकाणी शिकायला घातलं होतं, तिथे दर आठवड्याला रडार लावून मुलांचे वेग भिंतीवर लिहायचे. एका शनिवारी याला दोन मॅच मिळून शंभराच्या वर बॉल टाकायला लावले. रात्री हाताला बर्फ बांधून झोपला. आम्हाला वाटलं, मोठं व्हायचं तर हे असंच असणार. आता हात सरळ होताना दुखतो म्हणतो.

पावसाळी_दुपार

ताई, आधी स्पोर्ट्सच्या ऑर्थोपेडिकला दाखवा, या आठवड्यात, आणि तोवर एकही बॉल टाकू देऊ नका. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून मुलांसाठी नियम घालून दिलेत. १३-१४ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ बॉल, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. दिवस म्हणजे सगळ्या मॅच मिळून. या वयात हाडाच्या टोकाची वाढ चालू असते, दुखणं तिथलं असू शकतं. वेळेत थांबलं तर बहुतेक मुलं नीट बरी होतात. मला मेसेज करा, आपण बोलू.

चाफा_अंगणी

करते. फार आधार वाटला.

कॅरीकर

ताई, हे मोठ्यांच्याही बाबतीत होतं हो. हासोन दोमिंगेसला यँकीजनी सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलर्स देऊन घेतलं. २०२३ला ब्रिजवॉटरमध्येच होता. सप्टेंबरला वर गेला, पहिल्याच ॲट-बॅटला नामांकित पिचर व्हर्लँडरला होमरन, आठ मॅचमध्ये चार होमरन, आणि मग कोपराची शस्त्रक्रिया. तो तर पिचरही नव्हता.

दुसरी_बाजू

आपल्याकडचं कुणी या शिडीवर चढलंय का? रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल यांचं पुढे काय झालं?

शिवाजीपार्क_कट्टा

उत्तर प्रदेशातले दोघं भालाफेक करणारे. २००८ला बॉल किती वेगात टाकता येतो याची एक स्पर्धा झाली, रिंकूनं ८७ मैलांनी टाकून ती जिंकली. पिट्सबर्गनं दोघांनाही करारबद्ध केलं आणि २००९मध्ये ते फ्लोरिडातल्या सर्वांत खालच्या लीगमध्ये खेळले. त्या स्पर्धेआधी बेसबॉल हातात धरलेला नव्हता! दिनेश लवकर परतला, रिंकू आणखी काही वर्षं झगडला, दुखापतींनी अडला. मेजरपर्यंत दोघंही गेले नाहीत. मी त्यांना अपयशी मानत नाही. विसाव्या वर्षी नवा खेळ आणि नवी भाषा शिकून जे कमावलेल्या बॅटरांसमोर उभे राहिले, त्यांना माझा सलाम आहे.

कॅरीकर

आणि पैशाचं बोलायचं तर, २०२३च्या करारापर्यंत या मुलांची अवस्था फार वाईट होती. त्या करारानं २०२३ला डबल-एला वर्षाला ३०,२५० डॉलर्स, ट्रिपल-एला ३५,८०० ठरले. पूर्वी एका फ्लॅटमध्ये सहा-सातजण जमिनीवर गाद्या टाकून राहायचे. आमच्या जुन्या कॉलनीत शेजाऱ्यांनी एका डॉमिनिकन पिचरला उन्हाळाभर घरी ठेवलं होतं. मॅच संपवून रात्री अकराला यायचा. माझी बायको वरणभात नेऊन द्यायची, तर तो वरणावर लिंबू पिळून घ्यायचा, त्याच्या आईसारखं लागतं म्हणायचा. ऑगस्टात त्याला सोडून दिलं. एका सकाळी बॅग घेऊन उभा. त्याचा फास्टबॉल ९४ होता. मी त्याच्याबद्दल इतक्या खात्रीनं सगळ्यांना सांगत होतो.

मधलीआळी

हे वाचून थांबलो. माझं वरचं बोलणं जरा जास्त झालं. कळत नाही असं नाही, पण कळून घेताना समोर एक पोरगं असतं.

रारिटनकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला बसवून लोम्बार्डची जन्मतारीख आणि वॉक दाखवले. तो म्हणाला, म्हणजे बाबा, मला अजून वर्षं आहेत. तो अकराचा आहे.

एप्रिलमध्ये वही घेऊन जाणार आहोत. एका पानावर फक्त हुकलेले बॉल, कुठल्या प्रकारचा बॉल होता आणि कंबर आधी फिरली का, एवढंच. जोन्सबद्दल माझं मन अजून हो म्हणतं. आकडेमोड, तुम्ही गॅलोच्या रांगेत बसवलंत तेही मला पुरे आहे.

पावसाळी_दुपार

मी एडिसनहून येते. होम प्लेटच्या मागे, जिथे रडार घेतलेली माणसं बसतात त्यांच्या दोन रांगा वर. तिथून पाय नीट दिसतो. दीड तास आधी या.